शब्दचर्चा: ‘शुद्ध झाले’, ‘बरा झाला’, ‘तारले’ (लूक १७:११-१९)

विचारणा, जालना

प्रभू येशूच्या नावात सलाम. दहा कुष्ठरोग्यांच्या उताऱ्यावर उपदेश तयार करतो आहे. १४व्या वचनात प्रभू त्यांना ‘जा आणि याजकांना (मंदिरातल्या पुरोहितांना) दाखवा’ म्हणतो आणि दहाही जण वाटेने जाता जाता ‘शुद्ध झाले’. १५व्यात त्यांतला एक, यहूदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी लोकांपैकी, ‘आपण बरे झालो आहोत’ असे पाहून परत फिरतो. १९व्यात प्रभू त्याला म्हणतो, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे.’ हे सगळे एकच का? एकच असेल तर बाकीचे नऊ कशाने बरे झाले? आपल्याकडे मंडळीत या सगळ्याला ‘चंगाई’ (प्रार्थनेने बरे होणे) हा एकच शब्द चालतो. कुठे काय म्हणावे?

छत्रपती संभाजीनगर

दादा, लूकने तीन वेगळी क्रियापदे घातली आहेत. १४ आणि १७ या वचनांत ‘काथारिझो’, म्हणजे शुद्ध करणे. १५व्यात ‘इआओमाय’, म्हणजे रोग बरा करणे. वैद्याला ग्रीकमध्ये ‘इआत्रोस’ म्हणतात, तो याच कुळातला शब्द. १९व्यात ‘सोझो’: वाचवणे, सोडवणे, तारणे.

अडचण ‘सोझो’ची आहे. ते शरीर बरे होण्यालाही चालते, त्यामुळे ‘बरे केले’ हे भाषांतर चुकीचे ठरत नाही. पण ‘तुझ्या विश्वासाने तुला…’ हे वाक्य लूकमध्ये चार ठिकाणी येते, ७:५०, ८:४८, १७:१९ आणि १८:४२, आणि ग्रीक शब्द चारही ठिकाणी तेच आहेत. ७:५० मधली स्त्री आजारी नाहीच. तिच्या पापांची क्षमा झाली आहे, म्हणून तिथे मराठीत ‘तारले’ म्हणावे लागते. आता १७:१९ पाहा. या माणसाचा रोग पाच वचने आधीच गेलेला आहे. जे झालेच आहे तेच प्रभू पुन्हा सांगतो आहे, असे मानायला कारण नाही. काळही लक्षात घ्या: क्रिया पुरी झाली आहे आणि तिचा परिणाम टिकून आहे, असा तो काळ आहे. माझ्या मते १९व्या वचनाचा अर्थ सांगताना ‘तारले’ हाच शब्द घ्यावा आणि ‘चंगाई’ १५व्या वचनापुरती ठेवावी.

परभणी

‘शुद्ध’ या शब्दावर घाईने पुढे जाऊ नका, सगळा उतारा त्याच्यावर उभा आहे. जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचे १३ आणि १४ हे अध्याय शेजारी उघडून ठेवा. कुष्ठरोग्याने कपडे फाडलेले ठेवायचे, वरचा ओठ झाकायचा, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडायचे आणि छावणीबाहेर एकटे राहायचे (१३:४५-४६). लूकमधले दहा जण ‘दूर उभे’ राहतात ते यामुळे. रोग गेला तरी माणूस आपोआप आत येत नव्हता. याजक औषध देत नसे. तो तपासायचा आणि निर्णय जाहीर करायचा. तपासायलाही तोच छावणीबाहेर जायचा (१४:३).

मग विधी. दोन जिवंत शुद्ध पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती. एक पक्षी वाहत्या पाण्यावर मातीच्या भांड्यात मारायचा, त्याचे रक्त त्या माणसावर सात वेळा शिंपडायचे आणि दुसरा पक्षी उघड्या रानात सोडायचा. माणसाने कपडे धुवायचे, सगळे केस काढायचे, स्नान करायचे. आता तो छावणीत येतो, पण सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर राहतो. सातव्या दिवशी पुन्हा केस काढायचे, या वेळी भुवयासुद्धा. आठव्या दिवशी दोन निर्दोष नर कोकरे, एक वर्षाची एक मादी, तेलात मळलेला तीन दशांश एफा सपीठ (एफा सुमारे २२ लिटरचा धरला तर सहा-सात लिटर) आणि एक लोग (एक लहान माप) तेल. ऐपत नसेल त्याला एक कोकरू, एक दशांश एफा सपीठ, तेवढेच तेल आणि दोन होले किंवा पारव्याची दोन पिले अशी सूट होती.

उपदेशात घ्यावी अशी जागा पुढे आहे. दोषार्पणाचे, म्हणजे दोषासाठी वाहिलेल्या कोकराचे, रक्त त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतात, त्यावर तेल लावतात आणि उरलेले तेल डोक्यावर ओततात. कान, हात, पाय यांना असेच रक्त अहरोन आणि त्याच्या मुलांना याजकपदासाठी वेगळे करताना लावले होते (८:२३-२४). कालपर्यंत गावकुसाबाहेर असलेल्या माणसाला आत घेताना याजकाची खूण मिळते. ‘शुद्ध होणे’ म्हणजे एवढे सगळे: घर परत मिळणे, मंडळी परत मिळणे, देवापुढे उभे राहण्याचा हक्क परत मिळणे.

अंबाजोगाई

परभणीच्या गुरुजींनी सांगितले ते मराठी श्रोत्याला लगेच पोचेल, कारण ‘शुद्धी’ आपल्याकडे नुसती स्वच्छता कधीच नव्हती. परंपरा सांगते की निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे गेली. रोग कुणालाच नव्हता, तरी बाहेरच होती, आणि आत घ्यायचे की नाही हे दुसऱ्या कुणाच्या निर्णयावर होते. ‘जा आणि याजकांना दाखवा’ या आज्ञेतले वजन या एका उल्लेखाने कळते.

एक सावधगिरी. मराठवाड्यात आर्य समाजाचे काम निजामाच्या काळापासून आहे आणि ‘शुद्धी’ म्हणजे धर्मात परत घेण्याचा विधी, असाही अर्थ कानावर आहे. म्हणून ‘शुद्धी झाली’ असे नाम वापरू नये. वचनात आहे तसे ‘शुद्ध झाले’ हे क्रियापदच ठेवावे.

१५व्या वचनासाठी बोलीत सरळ ‘दुखणं गेलं’ म्हणावे. ‘गुण आला’ म्हणू नका. गुण औषधाला येतो आणि हळूहळू येतो. इथे औषध नाही. ‘भवरोग’ हा संतवाङ्मयातला शब्दही मोह पाडतो. भवरोग म्हणजे जन्ममरणाचा फेरा. तो १९व्या वचनात आणला की ऐकणाऱ्याच्या मनात वेगळेच तत्त्वज्ञान उभे राहते. ‘तारण’ हा शब्द मंडळीत रुळलेला आहे, तोच पुरे.

जालना

मग नऊ जणांचे काय म्हणायचे? ‘कुष्ठ म्हणजे पाप, नऊ जण पापातच राहिले’ असे बरेच जण सांगतात.

परभणी

उताऱ्यात तसे काही नाही. नऊ जणांनी सांगितले तेच केले. ते याजकाकडे निघाले, आणि रोग जाण्याआधीच निघाले, म्हणजे त्यांनीही शब्दावर भरवसा ठेवला. प्रभू त्यांचे शुद्ध होणे काढून घेत नाही. त्याचा प्रश्न इतकाच आहे: देवाचे गौरव करायला हा परका सोडून कुणी परत आले नाही का?

छत्रपती संभाजीनगर

‘परका’ हा शब्द सोडू नका. ग्रीक ‘अल्लोगेनेस’, दुसऱ्या वंशाचा. नव्या करारात तो फक्त इथे, १८व्या वचनात आहे. यरुशलेमच्या मंदिरात आतल्या कठड्यावर ग्रीक पाटी होती: कुणाही परक्याने आत येऊ नये, सापडला तर मरणाला तोच जबाबदार. त्या पाटीवर हाच शब्द कोरलेला आहे. संपूर्ण पाटी १८७१ साली क्लेर्माँ-गानो यांना सापडली आणि आता ती इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

आता परत आलेल्या या शोमरोनी माणसाची अडचण बघा. रोग होता तोवर दहांच्या टोळीत तो सामावला होता. रोग गेल्यावर नऊ जणांना यरुशलेमचा रस्ता मोकळा. याला तिथे पाटी आडवी येते. त्याच्या लोकांचे पूजास्थान गरिज्जीम डोंगरावर. तो दोन्हीकडे न जाता मागे फिरतो, मोठ्याने देवाचे गौरव करतो आणि येशूच्या पायांवर पालथा पडतो. गौरव देवाचे आणि पाय येशूचे, हे लूकने एकाच वाक्यात ठेवले आहे. आध्यात्मिक अर्थ मला इथे दिसतो: ज्याला दाखवायला जायचे होते तो याजक त्याला मागेच, रस्त्यावर सापडला. लेवीयमध्ये याजक छावणीबाहेर येऊन तपासतो, ते इथे आठवते. ‘तारले’ हे त्या भेटीबद्दल आहे, त्वचेबद्दल नाही.

‘परत फिरणे’ म्हणजे पश्चात्ताप असा अर्थ मात्र ओढून आणू नका. पश्चात्तापाचा ग्रीक शब्द वेगळा आहे. इथे साधे ‘मागे वळला’ आहे.

लातूर

रोगाबद्दल सांगतो, कारण इथे चूक झाली तर माणसाचे नुकसान होते. लेवीयमधला ‘त्साराअत’ (ज्या हिब्रू शब्दाचे भाषांतर ‘कुष्ठ’ झाले तो) हा कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतो (१३:४७, १४:३४). अंगभर पसरून सगळे पांढरे झाले तर तो माणूस शुद्ध ठरतो (१३:१२-१३). बधिरपणाचा त्यात उल्लेखही नाही. आजचा कुष्ठरोग, ज्याचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ साली ओळखला, त्याची मुख्य खूण तर बधिर चट्टा आहे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ अठरा प्रकारचे, सात महाकुष्ठ आणि अकरा क्षुद्रकुष्ठ, म्हणजे त्वचारोगांचा मोठा गट. त्या जुन्या अर्थाने ‘कुष्ठ’ चपखल बसतो. ‘महारोगी’ आणि ‘रक्तपित्या’ बसत नाहीत, शिवाय समोर बसलेल्याला ते शिवीसारखे लागतात. ‘कुष्ठरोगी’ छापील वचनात आहे तेवढे वाचावे, स्वतः बोलताना ‘कुष्ठरोग झालेले दहा जण’ म्हणावे.

दुसरे, चंगाई सभेत ‘विश्वास ठेव, गोळ्या सोड’ असे कुणी म्हणत असेल तर ते या उताऱ्याच्याच उलट आहे. प्रभूने त्यांना तपासणीला पाठवले. आजचा बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो: कमी चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, बाकी रोज घरी. त्यातल्या क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस होते आणि रिफाम्पिसिनने लघवी लालसर येते. रोग वाढला असे वाटून लोक मध्येच सोडतात. कातडीचा रंग उपचार संपल्यावर हळूहळू उतरतो. पण उपचार अर्धवट सुटला आणि नस गेली की हातापायाची व्यंगे येतात. बरे झाल्याची साक्ष द्यायची तर गोळ्यांचे पाकीट पुरे करून द्यावी.

जालना

ताईंचे, सरांचे, सगळ्यांचे आभार. वाचन करताना १९व्या वचनात छापलेले बदलून ‘तारले’ वाचले तर चालेल का?

छत्रपती संभाजीनगर

नका बदलू. लोकांच्या हातात पवित्र शास्त्र असते, शब्द जुळला नाही की लक्ष तिथेच अडकते. छापलेले वाचा, मग ७:५० उघडायला सांगून दोन्ही वाक्ये शेजारी ठेवा. जोडीला २ राजे ५ मधला नामान, कुष्ठरोग झालेला अरामी सेनापती, घ्या. कॅथलिक मिस्सेतही (उपासनेत) तीन वर्षांच्या वाचनक्रमातल्या ‘क’ वर्षाच्या सामान्य काळातल्या २८व्या रविवारी त्याचेच वाचन या उताऱ्याबरोबर असते. तोही परका, तोही सात बुडक्यांनंतर मागे फिरतो आणि दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागून नेतो. वेळ कमी असेल तर लेवीय १४ मधले पक्षी गाळा, पण कान-हात-पाय ठेवा.