कथेत 'मी' ठेवू की 'ती'? मदत हवी आहे

दहावीत अलंकार घोकले होते, 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, मार्कही मिळाले, पण आता स्वतः कथा लिहायला बसले तर त्याचा काडीचा उपयोग होत नाहीये. रात्री एसटी स्टँडवर अडकलेल्या आजीची गोष्ट आहे, आजीच 'मी' म्हणून सांगतेय आणि तिसऱ्या पानावर मी लिहून बसले की घरी नातू तिचा नंबर शोधतोय, आता हे आजीला कसं दिसणार?? तृतीयपुरुषी केलं तर तिची मालवणी फक्त संवादात उरते, मला ती निवेदनातही हवीय. आणि 'स्टँड पेंगत होता' ही चेतनगुणोक्ती (निर्जीव गोष्ट माणसासारखी वागते असं लिहिणं) चालेल की उगाच नटवल्यासारखी वाटते? (मैत्रीण म्हणते काढ.) दोन निवेदक ठेवून कोणी लिहिलंय का, बदल नेमका कुठे करता?