मदत हवी आहे: गेलेल्या काकांचे व्हॉइस मेसेज घरच्यांना आत्ता द्यावेत का?
जिवलग मित्राचे वडील तीन आठवड्यांपूर्वी गेले. काकांना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे व्हॉट्सॲपवर कायम बोलूनच निरोप. तसे 43 मेसेज माझ्याकडे आहेत. खोकत, हसत, मधेच काकूंना हाक मारत. त्यांच्या ओपस (व्हॉट्सॲपच्या आवाजाच्या) फाइल जशाच्या तशा पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवल्यात, तेव्हा हरवायची भीती नाही.

मित्राकडे एकदा विषय काढला, तो नुसता गप्प झाला. काकू मात्र "आवाज विसरेन की काय" म्हणतात. त्यांना परस्पर दिले तर मुलाला डावलल्यासारखं होईल. धाकट्या मुलीला यातलं काहीच माहीत नाही.

"काळ हेच औषध" ऐकून झालंय, ते नको. ज्यांच्या घरी असं घडलंय त्यांनी सांगा: आवाज किती दिवसांनी ऐकवलात, आणि आधी कोणाला विचारलंत?