मदत हवी आहे: पेट्रोलच्या टाकीत गॅस मीटरचा आकडा चढून खाली आला, विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात पुसदकडच्या एका पंपावर मी मॅनेजर आहे. पावसाळ्याआधी जमिनीखालची २० हजार लिटरची पेट्रोल टाकी साफ करायची आहे. माल उपसून झाला, तळाशी गाळ राहिलाय.

काल नळीवाला चार गॅसचा मीटर (ऑक्सिजन, पेटणारी वाफ आणि विषारी वायू मोजणारा) लावला. मॅनहोलच्या तोंडाशी ऑक्सिजन २०.६ टक्के, एलईएल ६ टक्के (म्हणजे वाफ पेटायला हवेत जेवढी किमान लागते, त्याच्या ६ टक्के). वाटलं, झालं काम. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खालीच बसते, म्हणून नळी तळापर्यंत सोडली. एलईएल झपाट्यानं वर चढला, अलार्म ओरडायला लागला, आणि मग आकडा आपोआप १२ वर उतरला. ऑक्सिजन मात्र १३! ठेकेदार म्हणतो, "भाऊ, उतरला ना आकडा, पोरं उतरवतो." मी साफ नाही म्हटलं. झाकण लावून बसलोय.

माझ्या समजुतीप्रमाणे साधा एलईएल सेन्सर वाफ जाळून मोजतो. ऑक्सिजन कमी पडला की जळणच होत नाही, आकडा खोटा कमी येतो. बरोबर आहे का? शिवाय हा मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मिथेन वायू सोडून आकडा जुळवलेला आहे. पेट्रोलसाठी तो कमीच दाखवत असणार.

अशा वेळी इन्फ्रारेड सेन्सरचा (वाफ न जाळता प्रकाशावरून मोजणारा) मीटर कोणी वापरलाय का? अमरावती-नागपूरकडे पेंटेनवर (पेट्रोलच्या वाफेला मिथेनपेक्षा जवळचा वायू) कॅलिब्रेशन करून देणारं कोणी आहे? आणि ब्लोअरनं हवा मारल्यावर किती वेळानं, टाकीत किती फूट खोलीवर परत मोजता? दोन पोरं आत उतरणार आहेत, दोघंही गावातलीच. कृपया अनुभव असलेल्यांनीच सांगा.