अकरा महिन्यांच्या बाळाला टोफू: घरात वरण-भात असताना हे कशाला?

वाघबीळची वाटी (धागाकर्ती)

काल रात्री आमच्याकडे टोफूवरून जे रामायण झालं ते इथे लिहून टाकते, म्हणजे निदान डोकं शांत होईल.

लेक अकरा महिन्यांची. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण केलं, मग तांदळाची पेज, मुगाची खिचडी, नाचणीसत्त्व, सगळं रीतसर. पण नवव्या महिन्यापासून बाईसाहेब चमचा दिसला की तोंड फिरवतात. भरवून घ्यायचं नाही, स्वतःच्या हाताने उचलूनच खायचं. आता अशा बाळापुढे खिचडी ठेवली की ती भिंतीवर, केसांत आणि माझ्या कुर्त्यावर. म्हणून टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर म्हणा) आणला. बोटाएवढ्या लांब पट्ट्या कापते, पाच मिनिटं वाफवते, मग तव्यावर थेंबभर तुपात परतते, वरून चिमूटभर जिरेपूड. मीठ नाही. ती पट्टी मुठीत धरते, वरचं टोक कुरतडते, खालचं दाबून दाबून त्याचा भुगा करते, आणि तरी निम्मी पोटात जाते.

सासूबाईंनी बघितलं. "पनीर द्यायचं तर पनीर दे, हे रबर कसलं घालतेस पोरीला?" म्हटलं आई, सोयाबीनचं आहे, डाळीसारखंच. त्यावर उत्तर आलं, "सोयाबीन ढोरं खातात." नवरा ताट अर्धं टाकून गॅलरीत फोनवर बोलायला गेला. फोन वाजलाच नव्हता.

माझं म्हणणं एवढंच: टोफू म्हणजे वडीच्या आकारातलं वरण. त्यात ना काही थोर आहे, ना काही घोर. बोला आता.

नौपाड्याची आजी

वयाने मी तुझ्या सासूच्या बाजूची, तेव्हा तिची वकिली मी करते. हातात धरता यावं म्हणून टोफू, हे काही मला पटलं नाही बाई. मूगडाळीचं धिरडं हातात धरता येत नाही? इडलीचा तुकडा? उकडलेलं रताळं? घावनाची पट्टी? आमच्या वेळी मुलं काय हात बांधून बसत होती?

आणि भाव बघ. दोनशे ग्रॅम टोफूला शंभराच्या आसपास पैसे जातात. जांभळी नाक्यावर तेवढ्यात मूगडाळ किलोच्या जवळपास येते आणि महिनाभर पुरते. टोफूचं पाकीट फोडलं की तीन-चार दिवसांत संपवायची घाई, नाहीतर पाण्यात आंबट वास. तुझी मुलगी दिवसाला दोन पट्ट्या खाणार, उरलेला तुम्हीच संपवणार. म्हणजे ही हौस मुलीची की तुझी?

वाघबीळची वाटी

काकू, हौस माझीही आहे, नाही म्हणत नाही. पण इडलीत तांदूळच जास्त, रताळ्यात प्रथिनं नावाला. 30 ग्रॅम टोफूत तीनेक ग्रॅम प्रथिनं सहज मिळतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 12-13 ग्रॅम लागतात. पाव हिशोब दोन पट्ट्यांत सुटला की!

नेरूळची रात्रपाळी

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. डॉक्टर नाही, तेव्हा माझं ऐकून औषधपाणी करू नका. पण तुम्ही दोघी प्रथिनांवरून भांडताय तेच मुळात चुकीचं भांडण आहे. वर्षाच्या आत-बाहेरचं मूल अंगावर किंवा वरचं दूध पीत असेल, सोबत थोडं वरण खात असेल, तर प्रथिनं सहसा पुरतात. कमी पडतं ते लोह. आईच्या दुधात ते फार थोडं असतं आणि बाळ जन्माला येताना घेऊन आलेला साठा सहा महिन्यांच्या सुमारास आटत येतो. वॉर्डात आम्ही जी पांढुरकी, चिडचिडी, जेवायला नको म्हणणारी मुलं बघतो, त्यातली बरीचशी लोह कमी पडल्याची असतात.

टोफूत लोह आहे. डाळीतही आहे. दोन्हीकडचं वनस्पतीतलं, अंगी लागायला जड. म्हणून सोबत आंबट द्या: लिंबाचे चार थेंब, टोमॅटो, पेरूचा मऊ गर. नुसती तुपात परतलेली पट्टी देण्यापेक्षा टोमॅटोच्या सारात शिजवलेली बरी. आणि बी-12 टोफूत नसतंच. ज्या घरात अंडं-मासे नाहीत आणि दूधही बंद केलंय, तिथे टोफू दिला म्हणून निश्चिंत होऊ नका, डॉक्टरांना विचारा.

वाटीताई, कॅल्शियमसाठी देत असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. सोयाबीनचं दूध कशाने फाडलंय त्यावर सगळं आहे. आयएनएस (पदार्थात घातलेल्या घटकाचा क्रमांक) 516 लिहिलं असेल तर ते कॅल्शियम सल्फेट, त्या टोफूत कॅल्शियम चांगलं. 511 म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड, 575 असेल तर तिसरंच काहीतरी. त्या दोन्हींतून वरचं कॅल्शियम मिळत नाही.

तिखटजाळ

मुलगी आहे म्हणून ठीक. मुलग्याला सोया देऊ नका. बायकांचे हार्मोन असतात त्यात. नंतर रडाल.

सीवूड्सकर

हे दर धाग्यावर येतंच. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन असतात, त्यांची घडण इस्ट्रोजेनशी, म्हणजे त्या बायकांच्या हार्मोनशी, थोडी मिळतीजुळती, पण काम त्याच्या पासंगालाही पुरत नाही. जपानमध्ये मऊ टोफू बाळाच्या अगदी सुरुवातीच्या घासांमध्ये असतो, मुलगा-मुलगी बघून नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 साली सोया फॉर्म्युल्याचा, म्हणजे बाळांना देतात त्या सोयाच्या डब्याच्या दुधाचा, आढावा घेतला, तेव्हा वाढीवर किंवा प्रजननावर वाईट परिणाम होतो असा निर्णायक पुरावा त्यांना सापडला नाही. आणि ती मुलं तर दिवसभर सोयाच पितात. इथे विषय दोन पट्ट्यांचा आहे.

तिखटजाळ

जपानचं जपानला. आपली प्रकृती वेगळी.

सीवूड्सकर

आपली प्रकृती बटाटा आणि टोमॅटो पचवते, तेही बाहेरूनच आलेत.

ऐरोली सेक्टर 8

एक अपवाद मात्र सांगते. माझ्या भाचीला जन्मतः थायरॉइडचा त्रास आहे, रोज गोळी चुरून देतात. तिच्या डॉक्टरांनी सोयाबद्दल आधीच बजावून ठेवलंय. सोयामुळे ते औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही. अशी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय टोफू सुरू करू नका. बाकी हार्मोनच्या गप्पा चालू द्या.

खारघरचा बाबा

मी विरोधात. आणि माझा विरोध आजीबाईंसारखा चवीचा किंवा भावाचा नाही.

आमच्या मुलाला गाईच्या दुधाची ॲलर्जी निघाली. सोसायटीच्या ग्रुपवर एकीने सांगितलं, "मग टोफू द्या, पनीरसारखाच." मुलगा आठ महिन्यांचा. रविवारी संध्याकाळी, आम्ही दोघं घरी आहोत म्हणून, मोठ्या कौतुकाने चार चमचे कुस्करून दिला. खाल्ला. अंगावर पुरळ नाही, ओठ सुजले नाहीत, आम्ही खूश. दोन तासांनी उलट्या सुरू. एक नाही, दोन नाही, थांबेचनात. शेवटी नुसतं पिवळं पाणी. मूल पांढरंफटक, मान टाकलेली. रविवारी रात्री डॉक्टर शोधत गाडी काढली तेव्हा बायको मागे बसून फक्त "डोळे उघड" एवढंच म्हणत होती. सलाइन लागलं. नंतर कळलं की ॲलर्जीचा हा प्रकार वेगळा असतो, एफपाईज म्हणतात. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी येतो आणि ॲलर्जीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत दिसतही नाही. दूध आणि सोया ही त्याची नेहमीची कारणं. दूध चालत नाही अशा काही बाळांना सोयाही चालत नाही, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा "वडीच्या आकारातलं वरण" वगैरे म्हणू नका, हात जोडून सांगतो. मुगाच्या वरणाने आमच्याकडे हे कधी झालं नाही.

वाघबीळची वाटी

वाचून पोटात गोळा आला. आता कसा आहे तो? आणि ते वाक्य मी मागे घेते. आम्ही सुरुवातीला नखाएवढाच दिला होता, पण खरं सांगायचं तर विचार करून नाही, ती खाईल याची खात्री नव्हती म्हणून.

खारघरचा बाबा

आता तीन वर्षांचा आहे, घर डोक्यावर घेतो. दूध चालायला लागलं, सोया डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू केलं आणि तेही चाललं. पण घरात टोफू आणायची अजून माझीच हिंमत होत नाही. द्यायचंच असेल त्यांनी पहिल्यांदा अर्धा चमचा द्यावा, सकाळी, कामाच्या दिवशी, दवाखाने उघडे असताना. त्या आठवड्यात दुसरं काही नवीन देऊ नये. आणि दुधाची ॲलर्जी आधीच असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

नेरूळची रात्रपाळी

बाबांच्या शेवटच्या चार ओळी धाग्याच्या वर चिकटवा कोणीतरी. मी एकच भर घालते, घशात अडकण्याबद्दल. फ्रिजमधला घट्ट टोफू खरंच रबरासारखा असतो, त्यात वाटीताईंच्या सासूबाई बरोबर आहेत. वाफवल्यावर अंगठा आणि बोटात दाबून बघा. सहज चेंगरला तर द्या, उडी मारून निसटला तर परत वाफेला. चौकोनी फोडी या वयात नकोत. लांब पट्टी नाहीतर सरळ कुस्करून.

नौपाड्याची आजी

खारघरच्या बाबांचं वाचून मी माझ्या लेकीला फोन केला. तिच्या घरीही हे प्रकार चालतात. बाकी माझं मत तेच, मी नाही देणार. पण पनीरचीही बाजू घ्यायला हल्ली जीभ रेटत नाही, त्या ॲनालॉग पनीरच्या बातम्या वाचल्यापासून. दुधाची चरबी काढून त्या जागी वनस्पती तेल, आणि दिसायला हुबेहूब. मी घरीच दूध फाडते आता.

औसेकर, मुक्काम कोपरखैरणे

"सोयाबीन ढोरं खातात" हे वाचलं आणि राहवेना. आमच्या औशाकडे जिकडे बघाल तिकडे सोयाबीनच. वडील तीस वर्षं पेरतात. पण आमच्या घरात सोयाबीनचा दाणा कधी शिजला नाही. लातूरच्या बाजारात विकायचा, तो तेलाच्या गिरणीत जातो, तेल निघाल्यावर राहते ती पेंड, आणि ती बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात. तेव्हा ताईंच्या सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत, फक्त ढोरांच्या जागी कोंबड्या घाला. ज्या जिल्ह्यात पोत्यांनी पिकतं तिथल्या पोराला मुंबईकडे येऊन शंभर रुपयांचं पाकीट बघून कळलं की हे माणसंही खातात.

माझ्या मुलीसाठी (दीड वर्षाची, दूध-दही सगळं चालतं) मी घरीच करतो. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवायचं, सालं चोळून काढायची, सालासकट वाटलं तर कच्चट वास येतो. गरम पाण्यात मिक्सरला बारीक वाटून फडक्यातून पिळायचं. मग ते दूध उकळायचं, आणि इथे गॅससमोरून हलायचं नाही. गाईचं दूध वर येताना जरा तरी बजावतं, हे एकदम फेसासकट ओट्यावर. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी दहा मिनिटं तरी ठेवायचंच, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात, ते त्याशिवाय मरत नाहीत. मग गॅस बंद, दोन मिनिटं थांबून लिंबाचा रस. फाटलं की फडक्यात बांधून वर पाण्याने भरलेला कुकर ठेवतो. उरलेला चोथा थालीपिठात जातो, त्याचं थालीपीठ टोफूपेक्षा चांगलं लागतं हे माझं प्रामाणिक मत.

मुलगी टोफू नुसता खात नाही. भाजणीत कुस्करून, वर कांदा-कोथिंबीर, तर मागून घेते.

सीवूड्सकर

पण लिंबाने फाडलात म्हणजे वर सांगितलेलं कॅल्शियम गेलं ना?

औसेकर, मुक्काम कोपरखैरणे

गेलं. ती नाचणी खाते आणि दही ओरपते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

तिखटजाळ

एवढ्या खटपटीत दोन वेळचं वरण-भात होतं.

नौपाड्याची आजी

या धाग्यावर पहिल्यांदाच तुमचं पटलं.

वाघबीळची वाटी

ताजी खबर. आज दुपारी सासूबाईंनी स्वतः टोमॅटोच्या सारात दोन पट्ट्या सोडल्या (मी नेरूळच्या ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, आजींचा नाही). लेकीने सार प्यायलं आणि पट्ट्या एकेक करून खुर्चीखाली टाकल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. चेहरा मात्र बोलत होता.

औसेकर दादा, पाव किलोला लिंबू किती? आणि मला रविवारीच वेळ असतो, पण आता रविवार म्हटलं की खारघरचे बाबा आठवतात.

औसेकर, मुक्काम कोपरखैरणे

तिला आधीपासून चालतंय, तर रविवार चालेल. मोठी दोन लिंबं, रसात तेवढंच पाणी घाला. सगळं एकदम ओतू नका, तीन वेळा विभागून, आणि ढवळायचं अगदी हलक्या हाताने. एकदम ओतलं की भुगा होतो, मग वडी धरत नाही आणि सासूबाईंना आयतं कोलीत मिळतं.