मदत हवी आहे: गाडीत पाणी साचतंय, शुक्रवारी पुण्याला निघायचंय

सुरूची_सावली | मंगळवार, सकाळी ७:४०
गाडीत पाणी येतंय. पायाखालचं कार्पेट दाबलं की पाणी वर येतं आणि आत कुबट वास भरलाय. काल टॉवेलने टिपलं, आज परत तेवढंच. शुक्रवारी पहाटे आईला घेऊन पालशेतहून पुण्याला निघायचंय, डोळ्याचं ऑपरेशन आहे, तारीख बदलता येणार नाही. गॅरेजवाला म्हणतो डॅशबोर्ड उतरवावा लागेल, चार दिवस गाडी ठेवा. घरी काय करता येईल? लवकर सांगा.

वाशिष्ठीकाठ | ७:५८
कुठली गाडी? पाणी पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे? एसी लावता का? सनरूफ आहे का? हे कळल्याशिवाय सांगणार काय?

खाडीपलीकडे | ८:०५
एसीचा ड्रेन पाईप चोक झालाय. माझ्या गाडीला दोन वर्षांपूर्वी हुबेहूब हेच. गाडीखाली डाव्या बाजूला इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून बोटाएवढी रबरी नळी बाहेर येते. सायकलच्या पंपाने हलकी हवा मारा, चिखल निघेल. जॅक लावून चाकाशेजारी दोन चिरे ठेवले की आत सरकायला जागा होते.

जांभा | ८:२१
खाडीपलीकडे, चिऱ्यावर गाडी ठेवून खाली जायला कुणाला सांगू नका, हात जोडून विनंती. चिरा भिंतीत वर्षानुवर्षं टिकतो कारण भार सगळीकडे सारखा असतो. गाडीचा भार एका टोकावर आला की तो मधोमध फुटतो. नुसत्या जॅकवरही खाली जायचं नाही. जॅक स्टँड असेल तरच, तोही सपाट कोब्यावर, शेणाने सारवलेल्या खळ्यात नाही.

खाडीपलीकडे | ८:३०
आम्ही वीस वर्षं चिरेच लावतो.

जांभा | ८:३४
वीस वर्षं काही झालं नाही म्हणून एकविसाव्या वर्षी होणार नाही असं नाही. बोनेटमधून टॉर्च मारूनही ती नळी पुष्कळ गाड्यांत दिसते, खाली जायची गरजच नाही.

सुरूची_सावली | ९:१०
छोटी पेट्रोल हॅचबॅक, २०१५ची. सनरूफ नाही. पाणी पुढे डावीकडे, आई बसते तिथे. एसी लावतो, नाहीतर काचांवर धुकं धरतं. वाद नंतर घाला, मला शुक्रवारी निघायचंय.

कौलारू | ९:४२
काचेच्या कडेने पाणी शिरतंय. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक सिलिकॉनची नळी आणा आणि पुढच्या काचेला चारी बाजूंनी फासा. मी खिडक्यांना लावतो, एक थेंब येत नाही.

वाशिष्ठीकाठ | १०:०३
कृपा करून हे करू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं, त्याने काचेखालचा पत्रा गंजतो. खाऱ्या हवेत तर आणखी लवकर. गळती काचेची नसेल तर पाणी येत राहणार ते राहणारच, आणि पुढे खरंच काच काढायची वेळ आली तर आधी ते सगळं खरवडावं लागेल. पाणी येतंय कुठून हे कळेपर्यंत गाडीला काहीही फासू नका.
आधी पाणी बघा. हिरवट किंवा गुलाबी, बोटाला चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. चाखून बघू नका, विषारी असतं. साधं पाणी असेल तर एसीचं किंवा पावसाचं. एसीचं असेल तर गाडी कोरड्या जागी उभी करून वीस मिनिटं एसी चालवा. खाली थेंब पडले तर नळी मोकळी आहे.

नवा_गडी | १०:१५
माझ्या बॅटरीच्या टोकांवर हिरवी पांढरी पूड साचते. काय करायचं?

दर्यावर्दी | १०:२८
नवा_गडी, आधी काळी वायर काढा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा. लाल वायर आधी जोडा, काळी शेवटी. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. समुद्राजवळ राहता तर दर दोन महिन्यांनी बघा.
आणि धागाकर्ते, गाडी पुळणीवर नेली होती का? दाभोळ-धोपावे फेरीबोटीने जाता का? बोटीवर तुषार उडतात, गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायलाच हवी. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, गंज थांबत नाही. आमच्या गावात पुळणीत गाड्या रुतवून घेणारे पर्यटक बघितले की जीव तुटतो. भरती लागली की ट्रॅक्टरसुद्धा...

सुरूची_सावली | १०:४०
फेरीबोटीचा काय संबंध? पाणी साधं आहे, वास नाही. एसी वीस मिनिटं चालवला, खाली टपटप पडतंय. म्हणजे एसी नाही. पुढे?

जांभा | १०:५५
गाडी सुरूच्या झाडाखाली उभी असते का? नाव वाचून विचारतोय. वायपरच्या मुळाशी प्लास्टिकची जाळी असते. तिच्या दोन्ही टोकांना पाणी उतरायची भोकं. सुरूची सुईसारखी पानं त्या जाळीतून बरोबर आत जातात आणि गाळ होतो. पाणी तुंबलं की एसीच्या पंख्याच्या हवेच्या वाटेने आत, आणि तो पंखा बहुतेक गाड्यांत डावीकडेच असतो. जाळी काढून हाताने साफ करा, मग मगाने हळूहळू पाणी ओता. एकदम बादली नको.

वेंगुर्ल्याचो | ११:२०
माका वाटता दाराखालची भोकां पण बघून घेवा. चिखलान बुजतत.

सुरूची_सावली | दुपारी ३:०५
जाळी काढली. अर्धं घमेलं पानं निघाली. पाणी ओतलं, चाकांमागून झरझर खाली गेलं, आत थेंब नाही. वाटलं सुटलं. जेवून आलो, मधे एक सर येऊन गेली, कार्पेट पुन्हा ओलं! दाराखालची भोकं मोकळी आहेत. दिवस संपत आला.

वाशिष्ठीकाठ | ३:१८
गेल्या दोनतीन महिन्यांत गाडीचं काही काम केलंत का? कुठलंही. दार, काच, वायरिंग?

सुरूची_सावली | ३:२५
काम काही नाही. मे महिन्यात पुढच्या दोन्ही दारांत नवे स्पीकर मी घरीच बसवले, पण त्याचा पाण्याशी काय संबंध?

वाशिष्ठीकाठ | ३:२८
तोच संबंध. दाराचं आतलं आवरण काढल्यावर मागे प्लास्टिकचा पातळ कागद दिसला असेल, काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला. त्याचं काय केलंत?

सुरूची_सावली | ३:३१
स्पीकरच्या वायरीसाठी कापला. खालची कड सुटली होती, ती तशीच आवरणाखाली दाबली.

वाशिष्ठीकाठ | ३:४४
मग गॅरेजवाल्याने डॅशबोर्डला हातही लावायला नको. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचं पाणी प्रत्येक गाडीच्या दारात शिरतं, ते शिरणारच. दार आतून ओलंच असतं. हा कागद पाणी दाराच्या पोकळीतच अडवतो आणि खालच्या भोकांतून बाहेर सोडतो. तो फाटला की पाणी आवरणामागून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटमध्ये.
खात्री करा. आवरण काढा, उंबऱ्यावर वर्तमानपत्र पसरा, एकाने टॉर्च घेऊन आत बसा, दुसऱ्याने काचेच्या खालच्या कडेवर मगाने पाणी सोडा.

कौलारू | ३:५०
म्हणजे सिलिकॉन तिथे लावायचं.

जांभा | ३:५६
नाही! तिथे ब्युटाईल टेप, म्हणजे रबरी चिकट पट्टी लागते, ती मऊ राहते. चिपळूणला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात विचारा. तोवर जुना काळा गोंद हेअर ड्रायरने मऊ केला तर पुन्हा धरतो. कापलेल्या जागी जाड प्लास्टिकचं ठिगळ लावा, वरचा पदर खालच्यावर येईल असं, कौलासारखं. खालची कड खाचेतून दाराच्या पोकळीत गेली पाहिजे.

सुरूची_सावली | बुधवार, सकाळी ११:३०
वर्तमानपत्र दोन मिनिटांत भिजलं. धार मी कापलेल्या जागेतूनच येत होती. भाऊ चिपळूणला गेलाय टेप आणायला. पण कार्पेटखालचा फोम स्पंजासारखा पाणी धरून आहे. या दिवसांत वाळवायचा कसा?

दर्यावर्दी | ११:४७
तो फोम आत ठेवून कधीच वाळणार नाही. सीट काढून कार्पेट उचलावंच लागेल. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगच्या सर्किटचा. आधी बॅटरीची काळी वायर काढा, दहा मिनिटं थांबा, मगच हात लावा. परत जोडेपर्यंत चावी फिरवायची नाही, एअरबॅगचा दिवा लागून राहतो. फोम पिळून चुलीच्या खोलीत टांगा, आगीपासून लांब. घरी पावसाळ्यात गोधड्या वाळवतो तसा.

खाडीपलीकडे | दुपारी १२:१०
आणि कुंभार्ली घाटात एसी बंद करू नका. हवा आतली न ठेवता बाहेरची घ्या, काचा स्वच्छ राहतील. रात्री घाट नको, पहाटेही धुकं असतं.

सुरूची_सावली | गुरुवार, रात्री ९:१५
टेप लावली, ठिगळ लावलं. डाव्या काचेवर तीन बादल्या पाणी सोडलं, उंबऱ्यावरचा कागद कोरडा. फोम ऐंशी टक्के वाळलाय, तो घरीच ठेवून जातोय. आईच्या पायाखाली नुसतं कार्पेट आणि वर गोणपाट. पत्र्यावर तळहाताएवढा गंज दिसला, आल्यावर घासून प्रायमर मारीन.
उजवं दारही उघडलं. तिथलाही कागद मी तसाच कापला होता, पण तिकडे एक थेंब आलेला नाही. दोन दिवस कारण कळत नव्हतं. आज संध्याकाळी सर आली तेव्हा ओटीवरून बघत होतो. गाडी पडवीला लागून उभी असते आणि कौलांच्या पागोळ्या सरळ डाव्या काचेवर पडतात. उजवंही आत्ताच चिकटवून टाकलं.
वाशिष्ठीकाठ, जांभा, दर्यावर्दी, फार आधार झाला. पहाटे चारला निघतोय.

जांभा | ९:३२
घाट उजाडल्यावर चढा. आणि येईपर्यंत गाडीची जागा बदलायचा विचार करा, पागोळ्यांपासून चार हात लांब, पण माडाखाली नको.

नवा_गडी | ९:५०
माझ्या बॅटरीला जेली लावली. आता स्पीकरही बदलायचे आहेत, तो कागद न कापता वायर कुठून न्यायची?

वाशिष्ठीकाठ | १०:०४
जुन्या स्पीकरच्या वायरीलाच जोडा, कापायची वेळच येत नाही. गाडी कुठली?