आई-बाबांचा फोटो जुन्या वास्तूसमोर काढायचाय. लेन्स कुठली, जागा कुठली?

पूर्वा_सदाशिव
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉलमधल्या फुलांच्या कमानीतला फोटो नकोय. दोघं एखाद्या मोठ्या जुन्या वास्तूसमोर उभे आहेत, वास्तू ओळखू येतेय आणि चेहरेही नीट दिसतायत, असा एकच फोटो मनासारखा हवाय. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स आहे. गेल्या रविवारी भाच्यांवर सराव केला. वाडा आला तर पोरं मुंगीएवढी, पोरं मोठी केली तर मागे नुसती भिंत. बजेट १५ हजार, त्यावर एक रुपया नाही. बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या कमी असलेली जागा सुचवा.

लेन्सवेडा
ताई, १५ हजारांत काही होत नाही. थेट फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी घ्या. मी दोन वर्षांपूर्वी क्रॉप विकला आणि ७०-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स घेतली. वानवडीला शिंदे छत्रीच्या आवारात भावाचा आणि वहिनीचा काढलेला फोटो आमच्या दिवाणखान्यात तीन फुटी लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठल्या राजवाड्यात गेला होतात?

पूर्वा_सदाशिव
फोटो छानच असणार. पण बजेट १५ च आहे.

मृदुला_कोथरूड
माझा अनुभव वाचा आणि अल्ट्रा वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य पकडणारी लेन्स, अजिबात घेऊ नका. मी तसली १०-१८ घेतली, का तर 'वास्तू पूर्ण येते' असं सगळे म्हणत होते. आगाखान पॅलेसच्या कमानींसमोर माहेरचे चौदा जण ओळीत उभे केले. कमानी झकास आल्या, पण कडेला उभी असलेली माझी मावशी दीडपट रुंद! तिने तो फोटो आजतागायत कुणाला दाखवलेला नाही. वाइड लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात, हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं.

सह्यभटक्या
+१. वाइड नको. ५० एमएम एफ/१.८ घ्या, बजेटमध्ये बसते. मागचं सगळं असं धूसर होऊन विरघळतं की बस.

कसबापेठकर
मागचं विरघळवायचं तर वाड्यापर्यंत जायचं कशाला? गच्चीवर काढा. त्यांना वास्तू दिसायला हवी आहे, मूळ प्रश्न वाचा.
जागेबद्दल: बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा. सागवानी कोरीवकाम आणि ते सुरूच्या झाडासारखे खांब! असं लाकूडकाम पुण्यात दुसरीकडे बघायला मिळत नाही. समोर गाड्या उभ्या असतात, म्हणून सकाळी लवकर जा.

सह्यभटक्या
थोरल्या बाजीरावांची दृष्टीच वेगळी होती.

कसबापेठकर
विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा आहे, १८०७ चा. थोरल्या बाजीरावांचा तो शनिवारवाडा, पायाभरणी १७३०, वास्तुशांत १७३२. दोघांमध्ये पाऊण शतकाचं अंतर आहे.

सह्यभटक्या
मान्य, गफलत झाली. पण तो शनिवारवाडा तरी इंग्रजांनी तोफा लावून पाडलाच ना?

कसबापेठकर
नाही हो. १८२८ मध्ये आग लागली आणि आतले मजले गेले. दगडी तट आणि दरवाजे राहिले, ते आपण आज बघतो. तोफांची गोष्ट मीही लहानपणी ऐकलीय, पण खरी आगीचीच.

मृदुला_कोथरूड
अवांतर नवीन धाग्यात न्या ना. ताईंना लेन्स हवी आहे.

डोळस_आजोबा
मी चाळीस वर्षं लग्नाचे फोटो काढले, बहुतेक रोलवर. पूर्वाताई, तुमची अडचण लेन्सची नाही, माणसं उभी करण्याच्या जागेची आहे. सगळे जण माणसांना भिंतीला टेकवून उभं करतात आणि मग वास्तू मावावी म्हणून स्वतः मागे मागे जातात. माणसं लहान होणारच. माणसं भिंतीपासून सोडवा आणि कॅमेऱ्याकडे आणा. तुम्ही वास्तूपासून वीस-पंचवीस पावलांवर आणि आई-बाबा तुमच्यापासून सात-आठ पावलांवर. म्हणजे दोघं मोठे, मागे वास्तूही पुरती. लेन्स ३५ वर ठेवा, कॅमेरा उभा धरा, लेन्सचं छिद्र एफ/८. चेहरे पूर्ण स्पष्ट, मागचं काम किंचित मऊ. तुमच्या १८-५५ मध्ये हे सगळं होतं.
आणि कॅमेरा वर उचलून कळस पकडायला जाऊ नका. कॅमेरा वर झुकला की खांब आतल्या बाजूला कलतात, इमारत मागे पडतेय असं वाटतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ. वरचं मावत नसेल तर आणखी मागे सरका.

लेन्सवेडा
काका म्हणतात ते बरोबर, पण हेच फुल फ्रेमवर बघा.

निमिष_औंध
हल्लीच्या फोनमध्ये २एक्स झूम लावून मी हेच करतो. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, केसांच्या कडेला वास्तू कापल्यासारखी दिसते. आणि ट्रायपॉड नेणार असाल तर परवानगीचं आधी विचारा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंत साधा कॅमेरा चालतो, ट्रायपॉड उघडला की अडवतात. साताऱ्याकडे एके ठिकाणी आम्हाला ऐन सोनेरी उन्हात परत पाठवलं. बायको नऊवारीत, चार तासांची तयारी वाया.

मृदुला_कोथरूड
पाताळेश्वर विसरलात का सगळे? जंगली महाराज रस्त्यावर, आठव्या शतकातलं लेणं. तो गोल नंदीमंडप मागे घेतला तर फारच सुंदर. थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात मात्र. आगाखान पॅलेसमध्ये जाणार असाल तर एक विनंती: कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची समाधी तिथे आहे. १९४२ ते ४४ मध्ये दोघंही तिथेच स्थानबद्धतेत गेले. त्या बाजूला सजून फोटो काढू नका. मी स्वतः नकळत काढले होते, नंतर पाटी वाचली आणि फार वाईट वाटलं.

कसबापेठकर
शनिवारवाडा मात्र टाळा. गर्दी, फुगेवाले, शाळेच्या सहली. शिवाय त्याचा मुख्य दरवाजा, दिल्ली दरवाजा, उत्तराभिमुख आहे, हिवाळ्यात त्याच्यावर दिवसभर ऊन येत नाही.

सह्यभटक्या
अनुमोदन. शनिवारवाडा नकोच.

लेन्सवेडा
अनुमोदन.

डोळस_आजोबा
ऊन येत नाही हे खरं. पण सत्तरीतल्या चेहऱ्यांना थेट ऊन हवंय कुणाला? डोळे बारीक होतात, नाकाखाली काळं पडतं. सावलीत उभं करा आणि तोंडासमोर उन्हात तापलेली जमीन असू द्या. जमिनीवरून उलटलेला उजेड चेहऱ्यावर येतो, कुणाला थर्माकोल धरून उभं राहावं लागत नाही. उजेड चेहऱ्यावर मोजा. आकाश पांढरं पडेल, म्हणून चौकटीत आकाश कमी घ्या.

पूर्वा_सदाशिव
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोटो झाला. सांगायला थोडा संकोच वाटतोय, कारण जवळजवळ सगळ्यांनी नको म्हटलेल्या जागी गेलो, दिल्ली दरवाज्यासमोर.
धागा वाचून दाखवत होते तेव्हा आई उठली आणि ट्रंकेतून एक फोटो काढून आणला. १९७४, लग्नानंतर आठच दिवसांनी, बाबांच्या मित्राने काढलेला. दोघं त्याच दरवाज्यासमोर. मागे खिळ्यांची दारं आणि वरचा नगारखाना. बाबांचा हात कुठे ठेवावा हे त्यांना कळलेलं नाही, तो नुसता लोंबतोय. मग दुसरी जागा माझ्याच मनाला पटेना.
मधल्या वारी सकाळी साडेआठला गेलो. बाहेरच्या पटांगणात ना तिकीट, ना पायऱ्या. दरवाज्याची सावली जमिनीवर पडली होती. तिच्या कडेशी, दारापासून साधारण पंधरा पावलांवर दोघांना उभं केलं. मी आणखी आठ पावलं मागे, उन्हात. १८-५५, पस्तीसवर, कॅमेरा उभा आणि सरळ. आजोबा, जमिनीवरून येणारा उजेड तुम्ही म्हणालात तस्साच आला, आईच्या नथीचा मोतीसुद्धा उजळलाय. दोन फुगेवाले आले होते. त्यांना विनंती केली तर शांतपणे बाजूला झाले.
नवी लेन्स घेतली नाही. जुन्या फोटोत आईच्या अंगावर नारायणपेठी आहे, ती केव्हाच विरली. त्या १५ हजारांतून तशीच नवी घेतली, तीच नेसून ती उभी राहिली. बाबांनी या वेळी हात तिच्या खांद्यावर ठेवला, मी काही न सांगता.

डोळस_आजोबा
दोन्ही फोटो एका चौकटीत लावा. जुन्याला काचेआड कागदाचा मार्जिन द्या, काचेला चिकटू देऊ नका.

मृदुला_कोथरूड
वाचताना भरून आलं. काका-काकूंना नमस्कार सांगा. नारायणपेठी कुठल्या दुकानातून घेतली?

लेन्सवेडा
अभिनंदन ताई. साठाव्या वर्षाला मात्र फुल फ्रेमचं बघाच. माझी बॉडी आणि ७०-२०० दोन्ही तुम्हाला वापरायला देतो, पैसे नकोत.