तुमच्या कामात पुणं कुठून शिरलं?

चित्र, शिल्प, सुलेखन, भरतकाम, काहीही करणाऱ्यांनी लिहा. आवडते चित्रकार नकोत, ती यादी सगळ्यांची सारखीच निघते. कुठली जागा, माणूस किंवा वस्तू हातात उतरली आणि त्याने कामात नेमकं काय बदललं, ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. 'हिरवा इतका कमी का?' हा प्रश्न ठरलेला. मी कोथरूडची, वेताळ टेकडीवर वाढलेली. पावसाळा सरला की टेकडी पिवळी-तपकिरी: वाळलेलं गवत, जुन्या खाणीतला कातळ आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण पांगाऱ्याला लालभडक फुलं. माझे रंग तेच.

सिरॅमिक करणारी, कसबा पेठ
आमच्याकडे तांबट आळी. गल्लीत शिरायच्या आधीच ठोके ऐकू येतात. तांब्याचा पत्रा पिटून आकार द्यायचा, मध्येच तापवून मऊ करायचा, पुन्हा पिटायचं आणि शेवटी माठरकाम, म्हणजे हातोडीचे ओळीने एकसारखे ठोके. ते चमकणारे खळगे मी कित्येक वर्षं नक्षीच समजत होते. एका वयस्कर कारागिरांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "ताई, शोभा नंतर. ठोकल्याशिवाय भांडं कडक कसं होणार?" तांबं ठोकून कठीण होतं, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही आकार धरून राहतं. त्यानंतर मी भांड्यांवर फुलं-पानं रंगवणं सोडलं. कडा पातळ करताना खरवडल्याचे जे वळ उठतात, तेच आता ठेवते. गिऱ्हाईक कधीकधी विचारतं, 'हे अर्धवट राहिलंय का?' चालायचंच.

लिनोकट (लिनोलियम कोरून काढलेले छाप), सदाशिव पेठ
राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते! सुपारी कातरायचं अवजार, पण कुणी त्याचा घोडा केलाय, कुणी पोपट. बिजागरी कुठे आणि पातं कुठे हे ठरलेलंच, आकाराची सगळी गंमत त्यातून उरलेल्या जागेत. माझ्या प्राण्यांचे सांधे अवजारासारखे दिसतात ते यामुळे.

जलरंग, बिबवेवाडी
जागांचं कौतुक वाचून छान वाटलं, पण माझी शैली कागदाच्या भावाने ठरवली. शिकताना परवडायचा तो कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा साधा, स्वस्त कागद. त्यावर पाणी जास्त झालं की कागद फुगतो आणि ओल्यात पुन्हा कुंचला फिरवला की लव उठते. म्हणून एकाच थरात रंग लावायचा आणि गप्प बसायचं. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांबही मी असेच, चार फटकाऱ्यांत उरकले. आता सुती कागद परवडतो, दहा थर सहज पेलतो. हात मात्र पहिल्या थरालाच थांबतो. लोक त्याला 'संयम' म्हणतात. म्हणोत बापडे.

रोज बसने जाणारा, हडपसर
वरच्यांना दुजोरा. माझी सगळी माणसं पाठमोरी असतात. समोरून काढायला लागलं की लोक अवघडतात, नाहीतर उतरून जातात. मग मान, खांदे, पिशवीच्या ओझ्याने झुकलेली बाजू, एवढ्यावर माणूस उभा करायची सवय लागली. रेषाही पुऱ्या जोडत नाही, तेवढा वेळच नसतो. मध्यंतरी स्वारगेटला एका आजोबांनी मागे न वळताच विचारलं, "झालं का? मला उतरायचंय."